उज्ज्वला आडे यांच्या सनदेस हरकत

कुमारी उज्ज्वला रूपसिंग आडे, राहणार वरचा तांडा, फुलसावंगीजवळ, तालुका महागाव, जिल्हा यवतमाळ, यांनी कायद्याची पदवी रीतसर मिळवली आणि वकिलीच्या सनदेसाठी अर्ज केला. इथपर्यंत कोणाचेही काही चुकले नव्हते.

अर्जासोबत जोडायचे ते सगळे तिने जोडले. जन्माचा पुरावा जोडला, शिक्षणाचा जोडला. चांगल्या वर्तणुकीबद्दल दोन प्रतिष्ठितांचे दाखले जोडले. हे दोन्ही प्रतिष्ठित तिला त्या दिवशी पहिल्यांदाच भेटत होते, त्यामुळे तिच्याविषयी काही वाईट त्यांच्या कानावर येण्याचा प्रश्न नव्हता. आपण कोणताही धंदा, व्यापार वा नोकरी करत नाही, असे शपथपत्रही जोडले. तिथे मात्र जरा अडले, कारण घरची म्हैस दूध देत होती आणि उरलेले दूध डेअरीत जात होते. तेव्हा सदर म्हैस आईच्या मालकीची असून तिच्या दूध देण्याशी आपला काही संबंध नाही, असे दुसरे शपथपत्र तिने केले.

तिला वकील व्हायचे होते ते एका वाटेसाठी. वरच्या तांड्यातून डांबरी सडकेवर यायची वाट मारोतराव गावंड्यांच्या तुरीतून जाते. मारोतरावांनी ती काट्या लावून बंद केली. तांड्याने महागावच्या कोर्टात दावा लावला आणि वकील केला यवतमाळचा. हा वकील फार मोठा होता. इतका मोठा, की महागावला येणे त्याला परवडत नसे. दाव्याला तारखा पडत गेल्या आणि तांडा नाल्यातून ये-जा करत राहिला. गेल्या पावसाळ्यात तांड्यातल्या संगीतावहिनीला कळा सुरू झाल्या तेव्हा माणसांनी तिला खाटेवर घालून नाल्यापर्यंत आणले. नाला भरून वाहत होता. बाळ नाल्याच्या अलीकडेच झाले. बाळ जगले, पण दर वेळी जगेलच असे नाही, हे तांड्यातल्या प्रत्येक बाईला कळून चुकले होते. पुढच्या पावसाळ्याआधी आपली स्वतःची वकील कोर्टात उभी करायची, असे ठरले.

अडचण अशी, की त्याच सुमारास कोणाच्या तरी मनात एक पुरोगामी विचार आला. सनद देण्याआधी माणूस त्या लायकीचा आहे की नाही, हे त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारावे. या विचारातून जिल्हास्तरीय सनदपूर्व हरकत निवारण समिती जन्माला आली. समिती निवारणासाठी होती आणि निवारण करायचे तर आधी हरकती हव्यात. म्हणून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि तांड्यातल्या सेवालाल महाराजांच्या देवळाबाहेरच्या खांबावर नोटीस लागली. 'उपरोक्त अर्जदारास सनद देण्याबाबत कोणाची हरकत असल्यास ती लेखी सादर करावी.'

आता इथे वरच्या तांड्याचा थोडा इतिहास सांगणे भाग आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी कालव्यासाठी जमिनी गेल्या, तेव्हा अशीच नोटीस लागली होती. उज्ज्वलाचा बाप रूपसिंग हा तांड्याचा नायक. नायकाचा शब्द तांड्यात शेवटचा. त्याने साहेबांना चहा पाजला आणि सांगितले, "सरकारचं काम हाय, आमची कायी हरकत नाई." सगळ्या तांड्याने त्याखाली अंगठे उठवले. शेजारच्या गावाने मात्र हरकती घातल्या. त्या गावाला वाढीव मोबदला मिळाला, घरांवर स्लॅब पडले. तांड्याला आभाराचे पत्र आले.

त्या दिवसापासून तांड्याने एक धडा मनावर कोरून घेतला, की हरकत मागितली रे मागितली की घालायची. मोबाईलच्या टॉवरला तांड्याने हरकत घातली, अंगणवाडीला घातली, डासांच्या फवारणीला घातली. मोबदला अजून कशाचाच मिळाला नव्हता, पण ज्याची हरकत नाही तो मेला, हे तत्त्व तांड्यातले शेंबडे पोरही सांगेल.

त्यामुळे खांबावर उज्ज्वलाच्या नावाची नोटीस पाहताच तांड्यात आनंदाची लाट आली. नायकाच्या लेकीचे काम, म्हणजे घरचेच कार्य. हरकतीत कोणी मागे राहिले तर दिसायला वाईट.

सगळ्यात आधी आली मथुराबाई. तांड्यातली सर्वात वयस्क, अजूनही फेटिया-कांचळी, म्हणजे बंजारा घागरा-चोळी, नेसणारी. येताना ओढणीत बोरं घेऊन आली. (पुढील संवाद गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, झाला. समितीने त्याचे भाषांतर प्रमाणित केलेले नाही.)

"बाई, माही हरकत लिहून दे."

"आजी, ही नोटीस माह्यासाठीच हाय. तू हरकत घातली त मले सनद भेटनार नाई."

"असं कसं? मी तुह्या वाईटावर हावो काय? हरकत त घालाच लागते. नाई घातली, त उद्या म्हनतीन मथुरीले कायी पडलं नाई."

उज्ज्वलाने बापाकडे पाहिले. रूपसिंग नायक खाटेवर बसून गंभीरपणे विचार करत होता.

"लिहून दे," तो म्हणाला. "तांड्यात कायदा शिकलेलं दुसरं कोन हाय? आपलेच लोक दारात आले अन् तू नाई म्हनतेस. मंग वकील होऊन काय करशीन?"

हा मुद्दा बिनतोड होता. दारात आलेल्या पक्षकाराला वकिलाने विनाकारण परत पाठवू नये, हे उज्ज्वला परीक्षेत लिहूनच पास झाली होती. तिने कागद घेतला.

"काय हरकत हाय तुही?"

मथुराबाईने विचार केला. "लहानपनी तू माह्या बोरी झोडपायची."

"बस, इतकंच?"

"इतकंच. पन चांगलं लिही. माही हरकत पडाले नोको."

पहिली हरकत तिने वरवर लिहिली. मग वाचून पाहिली आणि तिलाच लाज वाटली. पक्षकार म्हातारी, निरक्षर, हिच्यावर विश्वास टाकून आलेली, आणि आपण तिला असला पुचाट मसुदा देतो? तिने कागद फाडला. नव्याने लिहिले, की अर्जदारास अजाण वयापासून दुसऱ्याच्या मालमत्तेविषयी अनादर असून, सदर प्रवृत्ती पुढे अशिलांच्या ठेवींपर्यंत जाण्याची वाजवी भीती हरकतदारास वाटते. वाचून दाखवल्यावर मथुराबाईचे डोळे भरून आले. आपण इतके शहाणे बोललो, हे तिला माहीतच नव्हते.

मग रांग लागली. उज्ज्वला जेवायला उठेना. कोणाची हरकत होती की ती शाळेत असताना मराठीच्या तासाला गोरबोली बोलायची, कोणाची की हल्ली ती गोरबोलीत मराठी मिसळते. दोन्ही हरकती एकमेकींना छेद देत होत्या. तिने दोन्ही पक्षकारांना न्याय दिला. सगळ्यात शेवटी आई येऊन बसली. सुखीबाई.

"याडी, तू पन?"

"कालव्याच्या टायमाले मी चूप बसलती. आता नाई बसत."

"सांग मंग, काय लिहू?"

सुखीबाईने पदराचे टोक पिळले. "तू वकील झाली का महागावले राहशीन, पुसदले राहशीन. घरी कायले येशीन? तुह्या बापासंग मी बोलू काय दिवसभर? लिही तसंच."

उज्ज्वलाने तसेच लिहिले. या एकाच हरकतीत तिने कायद्याचा एकही शब्द घातला नाही. लिहिताना तिच्याने वर पाहवले नाही.

सुनावणीला तांडा टेम्पो करून यवतमाळला गेला. भाकरी, ठेचा, पाण्याच्या कॅनी सगळे सोबत. पुढे ड्रायव्हरशेजारी मारोतराव गावंडे बसले होते, कारण त्यांनाही नोटीस आली होती. तालुक्यात एवढ्या हरकती आलेल्या असताना एकट्या मारोतराव गावंडे यांची हरकत का नाही, याचा त्यांनी समक्ष खुलासा करावा. दावा चालू असला तरी टेम्पोत जागा होती.

समितीचे अध्यक्ष ॲडव्होकेट इंद्रजित मानकर हे सभ्य गृहस्थ होते. त्यांनी मथुराबाईची हरकत वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. दुसरी वाचली, तिसरी वाचली. चौथीच्या वेळी त्यांनी लिपिकाला, म्हणजे कंत्राटावरच्या ऋतिकला, दार लावायला सांगितले.

"आजी, ही हरकत कोणी लिहून दिली? या दर्जाचा मसुदा मी जिल्ह्यात पाहिला नाही."

"आमच्या वकिलीनबाईनं."

"कोण त्या?"

"ही काय, तुमच्याच समोर बसली," मथुराबाई अभिमानाने म्हणाली.

अध्यक्षांनी उज्ज्वलाकडे वळून विचारले, "तुम्ही स्वतःच्या विरुद्ध हरकती लिहिल्या?"

"हो सर. पक्षकार आले होते."

"सनद नसताना?"

"सनद मिळू नये म्हणूनच तर लिहिल्या सर."

"हे बघा, नीट उत्तर द्या. यातला मजकूर खरा आहे की खोटा? खरा असेल, तर तुम्ही सनदेला अपात्र आहात. खोटा असेल, तर तुम्ही समितीची फसवणूक केली, म्हणजे पुन्हा अपात्रच."

"सर, मी पक्षकारांचं म्हणणं मांडलं. माझं म्हणणं मला अजून मांडायचं आहे."

"ते तुम्हाला मांडता येणार नाही. वकील लावा."

"पण सर, माणूस स्वतःची बाजू स्वतः मांडू शकतो."

"सामान्य माणूस मांडू शकतो," अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले. "तुम्ही कायद्याच्या पदवीधर. तुम्ही बोललात तर ते कायदेशीर बोलणं होणार, आणि सनदेशिवाय कायदेशीर बोलणं म्हणजे वकिली. तुम्ही नापास झाला असतात तर मी आनंदाने ऐकून घेतलं असतं."

ऋतिकने 'अर्जदारास काही सांगायचे नाही' अशी नोंद घेतली.

आता कुठे तांड्याला काहीतरी बिनसल्याचा वास आला. रूपसिंग नायक हात जोडून उभा राहिला.

"साहेब, हरकती त झाल्या. मोबदला कवा भेटन?"

"कसला मोबदला? सनदेच्या हरकतीला मोबदला नसतो."

"मंग हरकत मांगितली कायले?"

"मागितली नाही नायक. असल्यास कळवा, असं म्हटलं."

"साहेब, दारात आलेल्या मानसानं पानी मांगलं त आमी असल्यास देतो असं नाई म्हनत. घरात नसलं त इहिरीवरून आनून देतो. तुमी हरकत मांगितली, आमी आनून देल्ली. आता पोरीचं नुकसान होऊन राह्यलं त वापस करा."

हरकत परत घ्यायची तर ती का घेत आहात हे लेखी सांगावे लागते, दबावाने घेत नाही असे शपथपत्र लागते, आणि ते दोन्ही सनदधारक वकिलाने लिहिलेले लागते. अध्यक्षांनी हे सगळे न चिडता सांगितले. मग त्यांनी सुखीबाईला पुढे बोलावले.

"तुमची हरकत वाचली. मुलगी वकील झाली तर तुम्ही एकट्या पडाल. हे खरं आहे?"

सुखीबाईने लेकीकडे पाहिले. ती खोटे बोलली असती तर हरकत तिथेच पडली असती. पण देवळाच्या खांबावर लागलेल्या कागदाबाबत खोटे बोलायचे तिच्या जिवावर आले.

"खरं हाय. पन खरं हाय म्हून का तिले अडवावं, साहेब? मी एकटी राहीन ना."

"लिहा," अध्यक्ष म्हणाले. "हरकत खरी असल्याचे हरकतदारास मान्य." आणि त्यांनी मान खाली घालून कागद चाळले. त्यांनाही एक मुलगी होती, पुण्याला. पण तिची नोटीस कुठे लागलेली नव्हती.

शेवटी मारोतरावांचा पुकारा झाला.

"तांड्याशी तुमचा दावा चालू आहे. ही मुलगी वकील झाली तर तुमच्याच विरुद्ध उभी राहणार. तरी तुमची हरकत नाही?"

"उभी राहू द्या ना साहेब. माहा वकील येते त त्याइचा येत नाई. त्याइचा आला त माह्याले काम निंगते. तारखा करू करू मी बी कटाळलो. कोनी तरी भांडून एकदाचा निकाल त लावा. हारलो त वाट देतो."

"म्हणजे हरायची तयारी आहे. अर्जदाराने तुम्हाला कधी काही दिलं?"

"देते ना. रस्त्यात भेटली का देते."

"काय देते?" अध्यक्ष पुढे झुकले.

"राम राम."

ऋतिकने 'देवाणघेवाण मान्य' अशी नोंद घेतली.

निकाल यथावकाश आला. निकाल सुरेख होता, आणि त्यातली बरीच वाक्ये उज्ज्वलाने लिहिलेल्या हरकतींतून जशीच्या तशी उचललेली होती. त्यात म्हटले होते, की हरकती अत्यंत सबळ असून त्यांना उत्तर देणे कोणत्याही निष्णात वकिलाला अवघड जाईल. अर्जदार ही एक निष्णात वकील असल्याचे समितीला खेदाने नोंदवावे लागते. तथापि समिती कोणावर अन्याय करू इच्छित नाही. श्री. मारोतराव गावंडे यांच्या जबाबावरून असे दिसून आले, की गप्प बसलेल्या माणसाच्या मनात नेमके काय आहे हे कळायला मार्ग नाही. सबब, ज्या कोणास हे प्रकरण ऐकून, पाहून अथवा वाचून माहीत झाले आहे, अशा प्रत्येकाने आपली हरकत नसल्याचे सहीनिशी कळवावे. जो कळवणार नाही त्याची हरकत आहे, असे समजण्यात येईल. सर्वांची ना-हरकत आल्यावर सनद विनाविलंब दिली जाईल.

दुसऱ्याच दिवशी रूपसिंग नायक कागद घेऊन घरोघर निघाला. नायकाचा शब्द शेवटचा, म्हणून आपली सही त्याने शेवटी ठेवली. पहिल्याच घरी त्याला पाणी मिळाले, चहा मिळाला, सही मिळाली नाही.

"नायक, तूच त शिकवलं आमाले. हरकत नाई असं लिहून देल्लं का मानूस गेला."

"अरे, माह्याच पोरीचं काम हाय!"

"म्हून त समजून सांगतो. कालव्याच्या टायमाले बी घरचंच समजून सही केलती."

मथुराबाई रडली, कपाळ बडवून घेतले, बोरीचे सगळे झाड उज्ज्वलाच्या नावाने करून देते म्हणाली. पण त्या कागदावर अंगठा उठवायला तिचा हात काही पुढे येईना. तांड्याच्या बाहेर तर आणखीच कठीण. दिग्रसच्या एका व्यापाऱ्याने कागद तीनदा वाचला आणि विचारले, "माझी हरकत नाहीच आहे, पण मग सही कशाला करायची?"

मग पेपरात आले. 'तांड्याच्या लेकीवर अन्याय.' बातमी सगळ्या जिल्ह्याने वाचली, आणि ज्याने ज्याने वाचली तो हरकतदार झाला. एका कनवाळू पोराने उज्ज्वलाचा व्हिडिओ काढून टाकला. तो जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झरी जामणीपर्यंत पोहोचला, पुण्या-मुंबईला गेला, दुबईतल्या मराठी मंडळाने पाहिला. ऋतिक रोज सकाळी व्हिडिओ किती जणांनी पाहिला तो आकडा बघून रजिस्टरात चढवू लागला. खाली लोकांनी हात जोडले होते, रडके चेहरे टाकले होते, 'ताई आम्ही तुमच्या पाठीशी' असे लिहिले होते. समितीने हे सर्व सहानुभूतीने पाहिले आणि सही नसल्यामुळे फेटाळले. आपल्या जिल्ह्यात माणसाला बुडवायला आता शत्रूंची गरज उरलेली नाही. हळहळणारे पुरेसे आहेत.

उज्ज्वला पत्रकारांच्या पाया पडू लागली की कृपा करून माझी बातमी देऊ नका. त्याचीही बातमी झाली.

वाटेच्या दाव्याला परवा पुन्हा तारीख होती. यवतमाळचा मोठा वकील आला नाही. पुकारा झाला तेव्हा उज्ज्वला कोर्टाच्या मागच्या बाकावर बसून होती. दाव्यातला शब्द न् शब्द तिला पाठ होता. ती उठून उभी राहिली, आणि आपल्याला बोलता येत नाही हे आठवून पुन्हा खाली बसली. पुढची तारीख पावसाळ्यानंतरची पडली. बाहेर आल्यावर मारोतराव तिला म्हणाले, "पोरी, मी वाट खोलून देल्ली असती. पन दावा कोर्टात हाय, निकालाच्या आधी हात लावला त माहाच वकील माह्यावर बिघडते." त्यांनी एवढे मात्र केले, की तिच्या कागदावर सही केली. त्या कागदावर आजवर झालेली ती एकच सही आहे.

यंदा तांड्यात दोघींचे दिवस पावसाळ्यात भरतात. माणसांनी खाट आतापासूनच आवळून ठेवली आहे.

आणि आता हे प्रकरण तुम्हीही वाचले. तुम्हाला उज्ज्वलाचे वाईट वाटले असेल, समितीचा राग आला असेल, तांड्याच्या भाबडेपणावर हसू आले असेल. समितीला याची कल्पना आहे आणि ती तुमच्या भावनांचा आदर करते. पण वाईट वाटणे लेखी नसते. यवतमाळला पत्र कोण पाठवत बसणार, आपले नावगाव उगाच कशाला द्यायचे, आणि आपल्या एकट्याच्या सहीने असे काय होणार आहे, असे तुमच्या मनात आले असेल तर त्यात काही चूक नाही. तुमच्या आधीच्या सगळ्यांच्या मनात हेच आले होते. ऋतिकने तुमचे नाव हरकतदारांत लिहून घेतले आहे. कारणाचा रकाना तेवढा त्याने रिकामा ठेवला आहे.